मोबीलच्या मैदानावरची वही

शिट्टी होत नाही. प्रशिक्षकाच्या हातातला चेंडू हलतो आणि सव्वाशे-दीडशे किलोचे दोन गडी एकमेकांवर आदळतात. एकाने मागे उभ्या केलेल्या पोत्यापर्यंत पोचायचं, दुसऱ्याने त्याला पोचू द्यायचं नाही. तीन सेकंद, फार तर चार. लगेच पुढची जोडी. तेवढ्यात मला वहीत काहीतरी नोंदवायचं असतं, आणि लिहायला मान खाली घातली की पुढची जोडी हुकते.

अलाबामा राज्यात, मोबील खाडीच्या काठी मोबील नावाचं शहर आहे. इंग्रजीत नाव फोनच्या मोबाइलसारखंच लिहितात, पण तिथली माणसं ‘मोबील’ म्हणतात. जानेवारीच्या अखेरीस तिथे सीनियर बोल भरतो. कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळून एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, उंबरठ्यावर आलेले शंभराहून जास्त खेळाडू, त्यांचे दोन संघ, मंगळवार ते गुरुवार सराव आणि शनिवारी सामना. पहिला सामना १९५० साली फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला झाला, पुढच्या वर्षीपासून तो मोबीलचाच झाला. आधी लॅड-पीबल्स स्टेडियमवर व्हायचा, २०२१ पासून साउथ अलाबामा विद्यापीठाच्या हॅनकॉक व्हिटनी स्टेडियमवर होतो. सामना टीव्हीवर दिसतो, पण ज्यांना निवड करायची आहे त्यांच्यासाठी खरा ऐवज सरावात असतो. एनएफएलच्या बत्तीसही संघांची माणसं तीन दिवस स्टँडमध्ये बसतात, आणि त्यांतली कितीतरी शनिवारची वाट न बघता विमानतळ गाठतात.

मी कुठल्या संघाचा स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारा माणूस, नाही. राहतो अटलांटात, पोटापाण्याचं काम वेगळंच आहे. पण आम्ही तिघं मित्र दर वर्षी एप्रिलच्या ड्राफ्टआधी, म्हणजे एनएफएलचे संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्याआधी, खेळाडूंची एक छोटी पुस्तिका काढतो, आणि तिच्यातली ऑफेन्सिव्ह लाइनची पानं माझ्याकडे असतात. ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत करून उभे राहणारे पाच जण: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, दोन टोकांना टॅकल. चेंडू त्यांच्या हातात जवळपास कधीच येत नाही, टीव्हीचा कॅमेरा त्यांच्याकडे वळतो तो चूक झाल्यावरच. मला हीच माणसं बघायला आवडतात. त्याचं कारण कोल्हापुराकडे आहे, त्यावर येतोच.

इथे सांगतोय तो आठवडा माझ्या मोबीलच्या वाऱ्यांपैकी एक. नेमकं वर्ष सांगत नाही. ज्या मुलाबद्दल बहुतेक लिहिणार आहे तो अजून धडपडतोय, आणि त्याच्या नावाला माझ्या मंगळवारच्या नोंदी चिकटू नयेत.

सोमवारी अटलांटाहून निघालो. माँटगोमरीपर्यंत आय-८५, तिथून खाली आय-६५. पाचेक तासांची ड्राइव्ह, आणि वाटेत घड्याळ एक तास मागे. पोचलो तेव्हा रस्त्याकडेच्या झाडांवर जांभळे-हिरवे-सोनेरी मणी लोंबत होते. मोबीलचे लोक आपला मार्डी ग्रा उत्सव १७०३ पासूनचा, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्याही आधीचा, असं अभिमानाने सांगतात. बघायला वेळ नव्हता. त्या रात्री आधी पाहिलेल्या टेपच्या, म्हणजे खेळाडूंच्या सामन्यांच्या चित्रणाच्या, नोंदी पुन्हा वाचल्या आणि झोपलो.

मंगळवारी सकाळी मोजमापं हाती आली. स्काउट मंडळींची लिहायची रीत सवयीशिवाय कळत नाही. ६०४३ म्हणजे सहा फूट चार इंच आणि तीन अष्टमांश. उंचीत शेवटचा आकडा नेहमी अष्टमांशाचा. हाताच्या लांबीत शेवटचे दोन आकडे मिळून अपूर्णांक, म्हणजे ३३१८ असेल तर तेहेतीस इंच आणि एक अष्टमांश. उंची, वजन, पंजा, हात, दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, सगळं एका ओळीत. टॅकलचे हात लांब हवेत, क्वार्टरबॅकचा पंजा मोठा हवा, असे संकेत पक्के बसलेले आहेत. क्वार्टरबॅक केनी पिकेटने २०२२ मध्ये मोबीलला पंजा मोजू दिला नव्हता, तर महिनाभर तोच विषय चालला. पुढे कंबाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या एनएफएलच्या चाचणी शिबिरात, साडेआठ इंच भरला, आणि तरी पिट्सबर्गने त्याला पहिल्या फेरीत विसाव्या क्रमांकावर निवडलं.

मापांना मी कमी लेखत नाही. हात आखूड असले की समोरच्याचे हात आधी छातीवर येतात, हे भूमितीच सांगते. पण ॲरन डोनाल्ड २०१४ मध्ये याच शहरात आला होता. बचावाच्या आतल्या फळीतला खेळाडू आणि उंची जेमतेम सहा फूट एक इंच. लहान आहे, असंच सगळे म्हणत. सरावात त्याने समोरच्यांना इतकं सळो की पळो केलं की आठवड्याअखेर चर्चेची दिशाच बदलली. रॅम्स संघाने ड्राफ्टमध्ये तेरावा घेतला. दहा वर्षं खेळला, तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. आकड्यांची ओळ हातात आली की मी आधी टेपवरचं माझं मत वाचतो आणि मगच ती ओळ वाचतो. उलट केलं की डोळे आकड्यांच्याच मागे जातात.

मैदानावरचं पहिलं दृश्य मला दर वेळी नव्याने आवडतं. दोन संघांच्या दोन जर्सी, पण हेल्मेट ज्याच्या त्याच्या कॉलेजचं. एका रांगेत जॉर्जियाचं लाल, मिशिगनचं पंखवालं आणि त्यांच्या शेजारी कुणाला ओळखूही न येणारं एखाद्या छोट्या गावातलं. सरावाचा क्रम ठरलेला असतो. अंग मोकळं करणं, जागेनुसार गटांची कवायत, मग वन-ऑन-वन म्हणजे एकास एक झुंज, मग धावेचा सराव आणि शेवटी अकरा विरुद्ध अकरा. पंचाईत ही की वन-ऑन-वन एकाच वेळी मैदानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत चालतात. चेंडू झेलणारे रिसीव्हर आणि त्यांना रोखणारे कॉर्नर एकीकडे, लाइनमन दुसरीकडे. एक निवडा, दुसरं सोडा.

हा सराव मुळात एका बाजूला झुकलेला असतो, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. लाइनमनच्या जोडीत बचाववाल्याचं पारडं जड. आजूबाजूला कुणी नाही, दोन्ही बाजूंना हवी तेवढी जागा, कुणी चेंडू घेऊन धावेल ही भीती नाही, सरळ पोत्याकडे झेपावायचं. सामन्यात टॅकलच्या शेजारी गार्ड असतो, इथे तो एकटा. रिसीव्हरच्या जोडीत उलटं. क्वार्टरबॅकवर कुणी धावून येत नाही, सगळं मैदान मोकळं, त्यामुळे कॉर्नरची दमछाक. म्हणूनच २०२४ मध्ये टोलिडोच्या क्विन्यॉन मिचेलने गाजवलेला सराव एवढा बोलका होता. कॉर्नर असून, तेही कॉलेजांच्या मोठ्या गटांबाहेरच्या कॉलेजातून येऊन, त्याने नावाजलेल्या रिसीव्हरांना जागा दिली नाही. फिलाडेल्फियाने त्याला बाविसावा घेतला आणि पहिल्याच वर्षी तो सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम लढत, जिंकलेल्या संघात होता. तेव्हा कोण जिंकलं एवढंच मोजत बसलं तर फसगत होते. कुणाच्या बाजूने झुकलेल्या डावात कोण जिंकलं, ते बघावं लागतं.

आता माझा मुलगा. माझा म्हणतो, कारण टेपवर मीच त्याला आधी हेरलं होतं. लहान कॉलेजचा डावा टॅकल. समोर येणारे बचाववाले त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस किलोंनी हलके, त्यामुळे टेपवर तो सगळ्यांना लोळवताना दिसायचा. त्यातून काय निष्कर्ष काढायचा? काहीच नाही. अशा मुलांसाठीच तर मोबील आहे.

मंगळवारी त्याची पहिली जोडी एका मोठ्या कॉलेजच्या एज रशरशी, म्हणजे कडेवरून क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या बचावपटूशी, लागली. चेंडू हलला, रशरने बाहेरून जाण्याची हूल दिली आणि सरळ छातीत मुसंडी मारली. माझा मुलगा पाठीवर पडला. स्टँडमधून तो ‘ऊऽऽ’ आवाज आला. मी लिहिलं: ‘ताकद कमी. या पातळीवर टिकणार नाही.’ दुसऱ्या जोडीत पडला नाही, पण मागे ढकलला गेला. मी ‘ताकद’ या शब्दाखाली रेघ मारली.

टिपणं मी मराठीत ठेवतो. शेजारच्याने डोकावलं तरी कळू नये हा मूळ हेतू, आता सवयच झाली आहे. पुढच्या रांगेत माझ्या मुलाच्या कॉलेजच्या रंगाचं जॅकेट घातलेली एक बाई बसली होती. ती मागे वळली, माझी वही बघितली आणि विचारलं, ही कुठली भाषा? मी सांगितलं, मराठी, भारतातली. मग मैदानाकडे बोट करून म्हणाली, तो माझा मुलगा. त्याच्याबद्दल काय लिहिलंत?

‘अजून बघतोय,’ म्हणालो. वही मिटली. ती ‘थँक यू’ म्हणाली. मला दुपारभर ते थँक यू पचलं नाही.

संध्याकाळी हॉटेलवर आमच्यातल्या एकाने फोनवर टिपलेला सराव लावला. तो मैदानाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून, खेळाडूंच्या मागून बघत होता. माझ्या जागेवरून मला खांद्यांच्या वरचं तेवढं दिसलं होतं. त्याच्या चित्रात पाय होते. पहिली जोडी तीनदा बघितली आणि मला आजोबा आठवले.

माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, कोल्हापूरजवळच्या आमच्या गावच्या तालमीत वस्ताद होते. सुट्टीत गेलो की पहाटे त्यांच्याबरोबर हौद्याच्या कडेला बसायचो. पोरांची खडाखडी लागली की मी चेहऱ्यांकडे बघायचो, कोण दात ओठ खातोय, कोण घाबरलाय. तात्या म्हणायचे, ‘तोंड काय बघतोस, पाय बघ पाय.’ जोड सुटली की ते उठून मातीत जायचे आणि उमटलेल्या पावलांवरून बोट फिरवायचे. इथे टाच रुतली म्हणजे भार मागे गेला. इथे दोन पावलं एकाला एक लागली म्हणजे पोरगं उभं नव्हतंच, नुसतं टेकलेलं होतं. ‘ह्याला ताकद कमी न्हाई,’ एकदा चीत झालेल्या पोराबद्दल ते म्हणाले होते, ‘ह्याला जागा कमी पडली.’

माझ्या मुलाला तेच झालं होतं. डावा टॅकल मागे सरकताना डावा पाय मागे टाकतो आणि उजवा त्याच्यामागून ओढून आणतो. उजवा खांद्याच्या रुंदीवर थांबला पाहिजे. याचा उजवा पाय पार डाव्याला चिकटत होता. बरोबर त्या क्षणी छातीत धक्का बसला. दोन पावलं जोडून उभ्या असलेल्या माणसाला शाळकरी पोरगंही पाडेल. त्यात ताकदीचा प्रश्नच नव्हता. मी ‘ताकद’ खोडलं आणि शेजारी ‘उजवा पाय’ लिहिलं. याच चित्रात पुढे दिसलं की जोडी संपल्यावर लाइनचा प्रशिक्षक त्याच्याजवळ गेला आणि आपल्या बुटाने त्याच्या उजव्या बुटाला दोनदा टोचून काहीतरी बोलला. माझ्या दुपारच्या नोंदीत तो प्रशिक्षक नव्हताच. तेव्हा मान खाली घालून मी रेघ मारत होतो.

बुधवारी मी जागा बदलली. बाई कुठे बसली आहे ते बघून मुद्दाम दूर गेलो, मैदानाच्या टोकाला एंड झोनच्या मागे, जिथून पाय दिसतात. रात्रभर पाऊस पडून गेला होता. मोबीलला पाऊस फार, आणि पाऊस नसला तरी हवेला ओल असते. इथे तालमीची तांबडी माती नाही, ठसा उमटत नाही. पण कृत्रिम गवतातले काळे रबराचे बारीक कण पाय घासला की उडतात, आणि पाय कुठे घसरला, कुठे रुतला ते त्या उडण्यावरून कळतं. हे माझं मला सुचलं, कुणी शिकवलं नाही, आणि त्या दिवसापासून मी तेच बघतो.

पहिल्या जोडीत तो पुन्हा हरला. स्टँडमध्ये पुन्हा तोच आवाज. पण उजवा पाय जागच्या जागी थांबला होता! रशरने या वेळी त्याचे दोन्ही हात बाहेरून झटकले आणि आत घुसला, कारण हात फार रुंद पडले होते. हरला, पण वेगळ्या कारणाने हरला. एका रात्रीत, नुकत्याच भेटलेल्या प्रशिक्षकाकडून, हजारो डोळ्यांसमोर लोळलेला असताना त्याने चार वर्षांची पायाची सवय बदलली होती. स्टँडमधल्या किती जणांनी याला दोन पराभव म्हणून मोजलं असेल कोण जाणे. माझ्या वहीत त्या आठवड्यातली ती सगळ्यात चांगली नोंद आहे. दुसऱ्या जोडीत त्याने हात आत ठेवले, मुसंडी आली, तो पाऊलभर मागे गेला, गुडघ्यात बसला आणि थांबला. गुडघ्यात बसला हे महत्त्वाचं. कंबरेतून वाकलेला गडी पुढे ओढला की तोंडावर पडतो. कुस्तीत तसं आणि इथेही तसंच.

त्या रात्री डॉफिन स्ट्रीटवर १९३८ पासून चालू असलेल्या विंट्झेल्समध्ये तळलेले ऑयस्टर खाल्ले आणि आमच्यात वाद झाला. आमच्यातला थोरला, अलाबामाचाच, वीस वर्षं कॉलेजचा खेळ बघत आलेला, म्हणाला, एका बुधवारच्या जोरावर तू दोन वर्षांची टेप बाजूला सारतोयस. मी म्हटलं, टेप बाजूला सारत नाही, टेपने जे सांगितलंच नव्हतं ते वाचतोय. मग क्विन माइनर्झचा विषय निघाला, तो निघणारच होता. विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर, म्हणजे शिष्यवृत्तीही न देणाऱ्या तिसऱ्या डिव्हिजनचं कॉलेज. २०२० चा त्यांचा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. हा गडी वर्षभर सामना न खेळता २०२१ ला मोबीलला आला, आणि कॉलेजात गार्ड खेळलेला असून इथे सेंटर म्हणून उभा राहिला. डेन्व्हरने त्याला अठ्ठ्याण्णवावा घेतला. २०२४ मध्ये तो ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होता. त्याच्याही आधी, २०१५ मध्ये होबार्टसारख्या छोट्या कॉलेजचा अली मार्पेट इथेच चमकला आणि एकसष्टावा गेला.

‘माइनर्झ दर दहा वर्षांनी एक येतो,’ थोरला म्हणाला, ‘आणि त्याच्या नावावर आपण दर वर्षी दहा मुलं खपवतो.’

त्याचं बरोबर होतं. मी माझ्या जुन्या वह्या चाळल्या तर मोबीलनंतर ज्यांची श्रेणी मी वाढवली होती त्यांतले बरेच जण दोन वर्षांत खेळाबाहेर होते. म्हणून मी स्वतःला एक बंधन घालून घेतलं: सरावावरून श्रेणी एका फेरीपेक्षा जास्त हलवायची नाही. आणि तीही हलवायची ती दोनच गोष्टींवर. आजवर न भेटलेल्या तोडीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर तो उभा राहू शकतो का, आणि काल सांगितलेलं आज करतो का. बाकी सगळं टेपवर चांगलं दिसतं.

गुरुवारी वन-ऑन-वनपेक्षा मी अकरा विरुद्ध अकरावर नजर ठेवली. बचाववाले दोघं आपापल्या वाटा अदलाबदल करून आत घुसतात, तेव्हा टॅकलने समोरचा सोडून शेजारचा घ्यायचा आणि गार्डने उलट. सोमवारपर्यंत एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांना हे डोळ्याच्या कोपऱ्यातून जमवावं लागतं. एकदा जमलं नाही, क्वार्टरबॅकच्या अंगावर माणूस गेला. एकदा सुरेख जमलं. त्यानंतर माझ्या मुलाने गार्डच्या हेल्मेटवर थाप मारली. मी लिहिलं: ‘बोलतो. चूक झाली की आधी बोलतो.’

बाहेर पडताना फाटकापाशी ती बाई दिसली. मी जवळ जाऊन म्हटलं, परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी चुकीचं लिहिलं होतं, आता बदललंय. काय बदललंय ते तिने विचारलं. मी उजव्या पायाबद्दल सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, लहानपणापासून त्याची पावलं अशीच पडतात, चालायला शिकला तेव्हापासून.

पुस्तिकेत मी त्याला सातवी फेरी दिली. एप्रिलमध्ये शनिवारी, ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी, शेवटच्या नावापर्यंत बसलो. अडीचशेहून जास्त नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नव्हतं. तासाभरात एका संघाने त्याला शिबिरासाठी करारबद्ध केल्याची बातमी आली. ऑगस्टअखेर नव्वद जणांतून त्रेपन्न निवडले तेव्हा तो वगळला गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच संघाच्या सराव पथकात परतला.

डिसेंबरात एका रविवारी त्यांचा डावा टॅकल गुडघा धरून बाहेर गेला. मी स्वयंपाकघरात होतो, मुलीने हाक मारली. पडद्यावर त्याचा नंबर दिसला. अकरा स्नॅप, म्हणजे अकरा चाली, खेळला. मी कपाटातून ती वही काढली, त्याचं पान उघडलं आणि मोजत बसलो. एकदाही पडला नाही. उजवा पाय दोनदा जवळ आला, पाचव्या आणि नवव्या स्नॅपला. तेही लिहून ठेवलंय.